मंग सांगतलं काहून नाई?

झरी जामणी तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, तुळसाबाई बावीस वर्षं अंगणवाडी चालवते. गेल्या वर्षी लेकरांसाठी लोहाची भुकटी आली. रोज एक पुडी, निवलेल्या वरणभातात कालवून. नलू टेकामच्या दीड वर्षाच्या उर्वशीला तिची गरजच होती. पोरीचे ओठ पांढरेफटक, आणि ती भिंतीची माती चाटायची.

प्रशिक्षणात तुळसाबाईनं तालुक्याच्या साहेबांना विचारलं होतं, "साहेब, लोहानं लेकराची शी काळी होते. आयांले सांगायचं ना?"

"कशाला? उगाच घाबरतील, पुड्या घेणार नाहीत."

तुळसाबाईनं ते मानलं. पोडावर पुड्या वाटताना तिनं काळ्या शीचं कुणालाच सांगितलं नाही.

नवव्या दिवशी नलूची सासू रुखमाबाई अंगणवाडीत आली आणि तिनं पुड्या तुळसाबाईच्या पायाशी फेकल्या.

"काय जहर देऊन राह्यली माह्या नातीले? काळी ढुस्स हागते!"

"मावशी, त्या भुकटीनं होते तसं. धोका नाई."

"म्हंजे तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

तुळसाबाई खाली वाकून पुड्या गोळा करू लागली. संध्याकाळपर्यंत एकोणीसपैकी सतरा घरांनी पुड्या उकिरड्यावर टाकल्या.

पुढच्या बैठकीत साहेब म्हणाले, "बायका अडाणी, दुसरं काय!" तुळसाबाई ताडकन उठली.

"अडाणी नाईत त्या! लेकराच्या शीचा रंग बदलला तं धावत आल्या. लपवलं आपण. तुमी सांगतलं अन् मी आयकलं. माह्याच थोबाडीत मारून घ्यावं वाटते मले."

"खाली बसा."

ती बसली नाही, सरळ बाहेर पडली.

मग ती घरोघर गेली. "मी लपवलं, चुकलं माह्यं," एवढंच आधी बोलायची. काहींनी दार लावून घेतलं. नलू म्हणाली, "ताई, सासूले न सांगता चारते मी."

"चोरून बिलकुल नाई!" तुळसाबाई खेकसली. "तेच तं करून बसलो ना आपण?"

आठवड्यानं रुखमाबाई स्वतः आली, भुकटी जिभेवर ठेवून पाहिली आणि म्हणाली, "चार. पण पुन्हा काई लपवलं तं पोडावर पाय ठेवू देणार नाई." तीन महिन्यांत उर्वशीच्या ओठांवर रंग आला, माती सुटली.

बारा घरं परत आली, पाच आली नाहीत. साहेबांची बदली झाली. त्यांना कुणी जाब विचारला नाही. त्या पाच घरांवरून जाताना तुळसाबाईच्या तोंडून अजून साहेबांच्या आणि स्वतःच्या नावानं शिवी निघते, आणि ती आवरत नाही.