टेस्टच्या दिवशीच गाडी थरथरायला लागली

मंडळी, आज दुपारी माझ्या बायकोची, मेघनाची, ड्रायव्हिंग टेस्ट होती. कित्येक महिने वाट पाहून मिळालेली तारीख. आणि सकाळीच आमची जुनी गाडी थरथरायला लागली, इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. अशा गाडीत टेस्ट कोण घेणार?

मी म्हटलं, "रद्द करू या."

"थांब रे, आधी बिघडलंय काय ते तर कळू दे."

मेघना इथे आयर्लंडमधल्या गॉलवेत मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत इंजिनिअर आहे. तिने शेजाऱ्यांकडून गाडीतल्या बिघाडाचा कोड वाचायचं छोटं यंत्र आणलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नव्हतं. इंजिन थंड झाल्यावर तिने ठिणगी देणाऱ्या दोन कॉइल्सची अदलाबदल केली. तिसऱ्याची पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर. गाडी सुरू केली, तर आता मिसफायर पहिल्यात!

"बघ, बिघाड कॉइलबरोबर सरकला. म्हणजे कॉइलच गेलीय."

मी सायकलवरून जाऊन नवी कॉइल आणली. तिने ती बसवली, कोड पुसला. इंजिन शांत, एकसारखं चालू.

आणि टेस्टमध्ये मेघना नापास झाली. राउंडअबाउटला, म्हणजे गोल चौकात, लेन चुकली.

तिने डोळे पुसले, गाडी सुरू केली आणि म्हणाली, "इतकी मस्त चालतेय, तर सॉल्टहिलला समुद्रावर जाऊ या. मीच चालवते."

नापास झालेल्या माणसाचा इतका अभिमान तुम्हाला कधी वाटलाय का?