साबण लावून चढवलेल्या बांगड्या

नववा लागल्यावर आमच्या मनीषनगरच्या घरी माझं डोहाळजेवण झालं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे तपासणी होती. सासूबाईंनी ती परस्पर पुढे ढकलली. घर बायकांनी भरलेलं आणि गर्भारशीण दवाखान्यात, हे त्यांना चालणार नव्हतं.

सकाळपासून माझं डोकं ठणकत होतं. हात इतके सुजलेले की माझ्या नेहमीच्या मापाच्या हिरव्या बांगड्या चढेनात. सासूबाईंनी साबण लावून चढवल्याच. बायका म्हणे, काय तेज आलंय तोंडावर. तेज कसलं डोंबलाचं! तोंड सुजलं होतं.

ओटी भरताना डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मी तशीच पाटावरून उठले आणि नवऱ्याला गाडी काढायला सांगितली. अर्धी ओटी टाकून कोणी उठतं का, म्हणून सासूबाई रागावल्या. पण बडबडत का होईना, गाडीत बसल्या.

बीपी बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. बीपी असं वाढलं की वारेतून बाळाला रक्त कमी पोचतं, प्राणवायू कमी पडून मेंदूला इजा होऊ शकते, सिझर आत्ताच करायचं, असं त्यांनी सांगितलं. सलाईन लावायला बांगड्या काढायच्या होत्या. त्या निघेनात. आता अपशकुनावरून तमाशा होणार, असं मला वाटलं. सासूबाईंनी माझ्या मनगटाला पदर गुंडाळला आणि एकेक बांगडी स्वतःच्या हातानं वाढवली. काचा पदरातच गोळा केल्या.

मुलगी झाली, पण रडली नाही. मेंदूला जपायचं म्हणून तिला तीन दिवस गार गादीवर ठेवलं. ते गार लेकरू पाहून माझा जीव तुटायचा. इजा किती झाली ते ती मोठी होताना कळेल, डॉक्टर म्हणाले.

सहा महिन्यांची झाली तरी तिच्या मुठी घट्ट मिटलेल्या. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी वाजणारं काहीतरी समोर धरायला सांगितलं. पोरगी खुळखुळ्यांना विचारीना, तिचं लक्ष सासूबाईंच्या काचेच्या बांगड्यांकडे. मग रोज आंघोळीनंतर त्या तिच्यापुढे हात वाजवत बसायच्या. यानं काय होणार, म्हणून मी चिडायचे. त्या ऐकून घ्यायच्या आणि वाजवत राहायच्या.

परवा तिची मूठ उघडली. तिनं आजीची बांगडी पकडली आणि अशी ओढली की काच करकरली. मी सोडवायला धावले.

"राहू दे वं," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "फुटली त फुटू दे. धरली ना तिनं."