बोटीच्या पद्धतीचा लसूणभात

ली सोन बेटावर लसणाच्या वाफ्यात एकदाही न वाकता म्हातारा झालेला माणूस एकच, तो म्हणजे किएम. पांढऱ्या वाळूत उकिडवं बसून बसून त्याच्या बायकोची, थोआची, कंबर गेली; हा ओसरीवर बसून जगाला अक्कल शिकवत राहिला. तरुणपणी तीन महिने तो एका मासेमारी बोटीवर स्वयंपाक्याच्या हाताखाली होता. तेवढ्या भांडवलावर गड्याने चाळीस वर्षं काढली. थोआने ताट वाढलं की ठरलेलं वाक्य यायचं, "बोटीवर आम्ही असं करत नव्हतो." बोटीवर काय चालायचं ते थोआला त्या स्वयंपाक्यानेच सांगितलं होतं. हा कांदे सोलायचा आणि बाकी वेळ ओकत पडायचा.

मुलगी बिक हिने घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. उन्हाळ्यात हनोईची चार माणसं उतरली. त्यांना इथला लसूण घालून परतलेला भात शिकायचा होता. बिकने आईला हाक मारेपर्यंत बापाने एप्रन बांधलाही.

"भात ताजा घ्यायचा, वाफाळता," किएमने सुरुवात केली.

थोआ दारात लसूण निवडत बसली होती. कालचा गार, मोकळा भात तिच्या मागेच झाकलेला होता. ती जागची हलली नाही.

धूर निघेपर्यंत तेल तापवून त्याने मूठभर ठेचलेला लसूण टाकला. तो बघता बघता काळा पडला. वरून गरम भात पडला आणि त्याचा लगदा झाला. फिश सॉस ओतल्यावर लगद्याने कढईचा तळ धरला.

"हा करपट वास मुद्दाम आणलाय," किएम म्हणाला. "बोटीची पद्धत."

एका बाईने वहीत 'करपट, मुद्दाम' असं लिहून घेतलं. "आजोबा, ही चव शहरात कुठली मिळायला," दुसरी घास गिळत म्हणाली. थोआने नवऱ्याची कीव करणं केव्हाच सोडलं होतं. आता तिला या शिकलेल्या माणसांची आली. कडू लागलं तर कडू म्हणायचीही यांना चोरी.

पाहुणे गेल्यावर तिने कढई त्याच्यापुढे आदळली. "ही घासायची कशी, तेही शिकवलं असेल ना बोटीवर?"

"कढईच हलकी आहे तुझी," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

त्या चौघांनी परत जाऊन शहरभर सांगितलं. मग दर शनिवारी आजोबांचा भात शिकायला माणसं यायला लागली. भात तूच करून दे म्हणून बिक आईच्या पाया पडायचीच बाकी राहिली. शेवटी थोआ आदल्या दिवशीच भात शिजवून ठेवायला लागली. सकाळी थंड तेलात लसणाचे काप टाकून मंद आचेवर ढवळायची, फिकट सोनेरी झाले की गाळून घ्यायची. किएमने ते बरणीतून भातावर ओतायचे आणि वादळाची गोष्ट सांगायची. पावसाळ्यापर्यंत त्याची बोट सात वेळा बुडाली.

एकदा एक चष्मेवाली बाई मागच्या दाराने आली. थोआला तेल गाळताना बघून म्हणाली, "मावशी, म्हणजे खरा भात तुमचाच. पुढे येऊन सांगा की सगळ्यांना."

"सांगितलं तर मलाच उभं करतील तिथे," थोआ म्हणाली. "मग तुमच्यासारख्या वीस जणांशी गोड बोलायचं कोणी? तो रिकामाच आहे, त्याला बोलू दे. तुम्ही जा बाहेर, बोट बुडायची वेळ झाली."

बाई हसत बाहेर गेली. थोआने बरणीचं झाकण लावलं, टोपी डोक्यावर घातली आणि वाफ्याकडे निघाली.