वीस किलोच्या सहा चकत्या

वजन उचलण्याच्या खेळातून प्रेस काढून टाकला, ही बातमी एस्टोनियातल्या आमच्या कारुओया गावात माझ्या नवऱ्याने, आंत्सने आणली. म्युनिकचं ऑलिंपिक होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. आंत्स पोस्टातून वर्तमानपत्र उचलून घरी न येता तडक यंत्रशाळेत गेला. आमचा मेकॅनिक उनो सारिक नेहमीसारखा ट्रॅक्टरखाली आडवा होता.

"उनो, बाहेर ये. तुझा प्रेस गेला."

"कुठे गेला?"

"कायमचा गेला. आता दोनच प्रकार राहिले, असं छापून आलंय."

उनो बाहेर आला नाही. हातातला पाना पडल्याचा आवाज तेवढा आला. आंत्स सांगतो, त्याने वाकून पाहिलं तर उनो डोळे सताड उघडे ठेवून पडलेला. त्याला वाटलं, ट्रॅक्टर सरकून उनोच्या अंगावर आला.

उनो चार वेळा एस्टोनियाचा विजेता झाला होता, आणि चारही वेळा प्रेसच्या जोरावर. दांडा छातीशी घ्यायचा आणि पाय न हलवता, नुसत्या हातांनी डोक्यावर ढकलायचा. बाकीच्या दोन प्रकारांत चपळाई लागते आणि ती उनोकडे नव्हती. त्याच्याकडे फक्त न हलणं होतं. युद्धात बाप गेलेला, आईसोबत वाढलेला, सामूहिक शेतावर मेकॅनिक झालेला हा अबोल माणूस. विसाव्या वर्षी त्याने सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, लोखंडी भट्टी पाठीवर घेऊन एकट्याने पूल ओलांडला. ते जवळच्या विल्यांदी शहरातल्या एका प्रशिक्षकाने पाहिलं आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

गावात सरावाचं सामान कुठलं असणार? दांडा आणि लहान चकत्या प्रशिक्षकाने दिल्या. वीस किलोच्या सहा मोठ्या चकत्या आमच्या शेताच्या युहान लोहाराने मोडक्या यंत्रांचं लोखंड वितळवून ओतल्या. त्याच चकत्यांवर उनोने चौदा वर्षं काढली. घरी तो प्रेसमध्ये दीडशे किलो उचलायचा, त्याच्या वर कधीच नाही. पण स्पर्धेत एकशे साडेबावन्न जायचं. तोच एस्टोनियाचा विक्रम होता. कसं काय, असं विचारलं की त्याचं एकच वाक्य ठरलेलं, "हॉलमध्ये लोखंड हलकं होतं."

इतरांचं तिथे जड होतं. त्यांचे हात थरथरतात, घसा कोरडा पडतो. उनोला ते कधी कळलंच नाही. वर्तमानपत्रवाले त्याला थंड रक्ताचा माणूस म्हणायचे आणि तोही ते मनापासून मानायचा. एकदा माझ्याकडे कॉफी पिताना तार्तूच्या एका स्पर्धकाबद्दल म्हणाला, "हात कापतात त्याचे. त्याने स्वयंपाकघरात काम करावं."

त्याची बायको माइमू तिथेच होती. "स्वयंपाकघरात उकळतं पाणी असतं रे. कापरे हात तिथे मुळीच चालत नाहीत. त्याला तुझ्या ट्रॅक्टरखाली पाठव."

तर त्या वर्षी प्रेस गेला आणि साडेबावन्नचा विक्रम वहीत गोठला. आता तो कोणी मोडणार नव्हतं, उनोसुद्धा नाही. मग याने ठरवलं, एकशे पंचावन्न एकदा तरी उचलायचे. मोजणार कोणी नाही, न मोजो. एकदा उचलले की प्रेसचा नाद सोडायचा आणि उरलेल्या दोन प्रकारांना लागायचं.

सबंध हिवाळा तो यंत्रशाळेत झटला. दीडशे वर जात होते, पंचावन्न कपाळाच्या वर सरकत नव्हते. मार्चमध्ये तो जेवणावरून अर्धपोटी उठू लागला. एप्रिलमध्ये म्हणाला, "संपलो मी. शरदातल्या स्पर्धेला जाणार नाही. दांडा भंगारात देतो."

त्याच आठवड्यात माइमू आणि मी आमच्या अंगणात बियाण्याचे बटाटे कापत बसलो होतो. दोन डोळे असलेला तुकडा इकडे, खराब तिकडे. माइमूचा चाकू थांबला.

"तुला एक सांगू? ओरडू नकोस."

"सांग."

"चकत्या खोट्या आहेत."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. माइमू दूधकेंद्रावर दूध मोजून घ्यायची. सात वर्षांपूर्वी यंत्रशाळेच्या भिंतींना चुना लावला तेव्हा उनोचं सामान दोन दिवस केंद्रात ठेवलं होतं. हिने सहज एक चकती काट्यावर टाकली. वीस किलो नऊशे ग्रॅम. मग दुसरी टाकली, तिसरी टाकली. सहाही तशाच.

मी हातातला बटाटा खाली ठेवला. एकेकीत नऊशे ग्रॅम, सहांत पाच किलो चारशे. म्हणजे उनोचे घरचे दीडशे हे खरे एकशे पंचावन्नच्या वर होते! आणि हिवाळाभर हा माणूस ज्याच्याखाली चिरडला जात होता ते होते एकशे साठ.

"सात वर्षं? अगं, सात वर्षं तू गप्प बसलीस?"

"तो जिंकत होता. घरी जड उचलायचा, तिकडे खरं वजन हलकं लागायचं. मी कशाला बोलू? पण आता सांगितलं नाही तर तो स्वतःला संपलेला समजतो. आणि सांगितलं तर..."

तिने पुढचा बटाटा उचलला. पुढचं मला सांगायची गरज नव्हती. हॉलमध्ये लोखंड का हलकं होत होतं, ते माझ्याही लक्षात आलं होतं.

रविवारी जेवताना तिने सांगितलं. आंत्स आणि मी तिथेच होतो, तिनेच बोलावलं होतं, एकटीला धीर होईना म्हणून. उनोने काटा-चमचा खाली ठेवला, डुकराच्या मांसाची ताटली बाजूला सारली आणि उठला. आम्ही त्याच्या मागे. एकेक चकती त्याने दूधकेंद्रात आणली आणि काट्यावर ठेवली. आंत्स आकडे वाचत होता. चौथ्या चकतीला म्हणाला, "उनो, दुधाचा काटा बिघडला असेल."

"काट्यावर तपासनिसाचा शिक्का आहे," माइमू म्हणाली. "खोटं बोलतात ते दूध आणणारे."

 उनो युहान लोहाराकडे गेला. म्हातारा ऐंशीचा झाला होता, पण त्याला पक्कं आठवत होतं. "जास्त तर ओतणारच ना! कमी भरलं असतं तर शेताचं लोखंड युहानने पळवलं म्हणाले असते. तेव्हा मूठभर खिळ्यांसाठी माणसं आत जात होती, पोरा."

तो परत आला तेव्हा मला वाटलं, उनो आता आनंदाने नाचेल. हवे होते तेवढे त्याने उचललेच होते, शेकडो वेळा. पण तो बाकावर बसला, तोंड पांढरंफटक पडलेलं. माइमूला म्हणाला, "म्हणजे हॉलमध्ये माझ्यात काही वेगळं बळ यायचं नाही. फक्त वजन कमी असायचं."

 तो तीन आठवडे तिच्याशी बोलला नाही. आमच्याकडे नवरा-बायको तीन आठवडे न बोलणं ही काही बातमी नव्हे, पण हे गप्प बसणं वेगळं होतं. तेवढ्या दिवसांत त्याने सहाही चकत्या लेथवर चढवल्या आणि कातून बरोबर वीस किलोच्या केल्या. मग एके दिवशी मी तिथे असताना माइमूला म्हणाला, "नोव्हेंबरच्या स्पर्धेची तिकिटं काढ. तुम्ही दोघीही चला."

राजधानी तालिनच्या हॉलमध्ये आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. उनोचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो दांड्याजवळ आला, हातांना खडू लावला. आणि मी पाहिलं, त्याचे हात कापत होते. खडूची भुकटी त्याच्या बुटांवर सांडत होती. माइमूने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले.

पहिल्या प्रयत्नात दांडा डोक्यामागे पडला. दुसऱ्यात पुढे. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, "सारिक आहे ना हा? आजारी आहे का?" आणखी एक चुकला असता तर स्पर्धेतूनच बाद. तो तसाच निघून जाईल असं मला वाटलं. पण गेला नाही. कापऱ्या हातांनी त्याने दांडा धरला, डोक्यावर नेला आणि पंचांचा इशारा होईपर्यंत धरून ठेवला. शेवटी सहावा आला. चार वेळचा विजेता, सहावा.

"मी नको होतं सांगायला," माइमू पुटपुटली. 

उनो कपडे करून आला. केस ओले, डोळे लाल. आम्ही तोंडं चुकवत उभ्या होतो. त्याने माइमूच्या पिशवीतून काळी भाकर काढली, मोठा घास घेतला आणि भरल्या तोंडाने म्हणाला, "तार्तूच्या त्या पोराची मी माफी मागून आलो."

"कसली?"

"दर वेळी त्याला असंच होतं म्हणे. दर वेळी! आणि तरी तो येतो. मला तर दुसऱ्या वेळी जीभच सापडेना तोंडात. माइमू, माणसं हे सगळं सोसून उचलतात, तुला ठाऊक होतं?"

 बस आली. एरवी तो तालिन ते विल्यांदी दोन शब्द बोलायचा, एक चढताना आणि एक उतरताना. त्या दिवशी तो वाटभर बोलत होता. पोटात काय झालं, कानात काय झालं, तिसऱ्या वेळी दांडा वर गेला तेव्हा काय वाटलं.  विल्यांदीला उतरल्यावर त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, "पुढची स्पर्धा मार्चमध्ये आहे. येशील ना?"