शिवलेल्या गोणीतली घंटा

आधीच सांगते... आमच्या घरात देवच नाहीत, तर भूत कुठून येणार? आजोबांनी छप्पन साली धम्म स्वीकारला तेव्हाच अंगारे, उतारे, नजर हे सगळं दाराबाहेर गेलं. मी स्वतः अकोल्याच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. पोरांनी वर्गात भुताचा विषय काढला की मी म्हणायची, पुरावा आणा, मग बोला. आज मीच बिनपुराव्याची गोष्ट लिहायला बसलेय. हसायचं असेल तर खुशाल हसा.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली. तेव्हा पेपरच्या पहिल्या पानावर रोज आमच्या वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या असायच्या. त्यामुळे सफाई कामगारांच्या संपाची बातमी आली ती आतल्या पानावर, चार ओळींत. मीही तेवढ्याच वाचल्या. त्यांच्या मागण्या काय आहेत हे मी कुणाला विचारलंसुद्धा नाही. मला फक्त आमचा कचरा कोण उचलणार एवढीच काळजी होती. आता लिहिताना लाज वाटते.

घरात मी आणि बाबा, दोघंच. दादा अमरावतीला. बाबा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, वय सत्त्याहत्तर. दोन-तीन वर्षांपासून त्यांची आठवण जायला लागली होती. कधी मला त्यांची बहीण समजायचे. गुडघे तर कामातूनच गेलेले, गेटपर्यंत जाऊन आले तरी पाच मिनिटं दम खात बसायचे. पण एक काम त्यांनी सोडलं नव्हतं. सकाळी साडेसातला घंटागाडी आली की कचऱ्याची बकेट तेच नेऊन द्यायचे. दुसऱ्या कुणी हात लावला तर चिडायचे.

गाडी म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली, आणि तिच्यापुढे चालत पितळी घंटा वाजवणारी कमलाबाई. त्या घंटेची जीभ कधीच तुटली होती. कमलाबाईनं तिच्या जागी तारेनं एक बोल्ट बांधला होता, त्यामुळे 'ठण' झालं की मागोमाग 'खर्र' व्हायचं. तो आवाज साऱ्या गल्लीच्या ओळखीचा होता. ती बकेट रिकामी करायची, ट्रॉलीच्या कडेवर दोनदा आपटायची आणि गेटशी पालथी ठेवायची. बाबा लगेच ती सरळ करायचे.

"सायेब, पालथीच राहू द्या ना. पानी निथरू द्या," असं ती रोज म्हणायची. बाबांच्या आयुष्यात रोज ठरलेलं असं तेवढंच एक बोलणं उरलं होतं.

संप सुरू झाला आणि तिसऱ्या दिवसापासून शहराला वास यायला लागला. त्यात अकोल्याचं ऊन. आंब्याच्या साली, कोयी, हॉटेलांचं शिळं, मेलेली घूस... आमच्या गल्लीच्या तोंडाशी कमरेएवढा ढीग झाला. डुकरं त्यात लोळायची. लोकांनी ढिगांना आगी लावायला सुरुवात केली, त्या विझायच्या नाहीत, नुसत्या धुमसायच्या. जेवताना एका हातानं माश्या हाकलायच्या. समोरच्या शबानाभाभी दिवसभर खिडक्या लावून बसायच्या.

आणि बाबा सातपासून बकेट घेऊन गेटशी उभे.

"बाई काहून नाई आली व?"

"संप आहे बाबा. नाही येणार ती."

"बरं," म्हणायचे. पाच मिनिटांनी परत, "बाई काहून नाई आली?" दहा वाजले तरी आत येत नसत. चहा नाही, गोळ्या नाहीत.

चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी स्टीलचा ग्लास आणि चमचा घेतला, कंपाऊंडच्या भिंतीमागे उभी राहिले आणि ठण ठण वाजवलं. मग पुढे येऊन त्यांच्या हातातली बकेट घेतली. "बाई घाईत आहे, तिनंच मला आणायला सांगितलं." ढिगावर ओतून आले. बाबा खूश होऊन आत गेले, चहाबरोबर दोन बिस्किटंही खाल्ली. मग रोज तेच सुरू केलं. त्यात काही चुकीचं आहे असं मला अजिबात वाटलं नाही, उलट मी स्वतःला हुशारच समजत होते.

आठव्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. गॅसवर दूध वर यायला लागलं होतं आणि बाहेर घंटा वाजली. ग्लास माझ्यासमोर मांडणीवर पालथा होता. आवाज पितळी होता, आणि 'ठण'च्या मागे स्पष्ट 'खर्र' होतं. मनात आलं, मिटला एकदाचा संप. इतकं हलकं वाटलं की मी तिथूनच ओरडले, "बाबा, आली बघा बाई!"

गेटची कडी वाजलेली ऐकली. दूध उतरवून बाहेर आले तर गल्लीत बाबा नव्हते. शबानाभाभी आणि आणखी दोघी बकेटी घेऊन आपापल्या दारात उभ्या होत्या.

"मॅडम, घंटी तो मैंने भी सुनी," भाभी म्हणाल्या. "गाडी किधर है?"

गाडी नव्हतीच. त्या तिघींच्या मते आवाज कोपऱ्यावरून वळून गेला होता.

दोन तास मी स्कूटरवर शोधलं. चौकाचौकात ढीग, धूर, कुत्री. विचारलं तर लोक म्हणायचे, दिसला एक म्हातारा बकेट घेऊन, कचरा वेचणारा वाटला. एका दुकानदारानं तर त्यांना हाकललं होतं, त्यानं ते माझ्या तोंडावरच सांगितलं. पांढरा सदरा घातलेले, तीस वर्षं खुर्चीवर बसून काम केलेले माझे बाबा. ढिगाजवळ उभे होते म्हणून कुणी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नाही.

मग माझा सगळा राग कमलाबाईवर गेला. तिच्याच घंटेमागे गेले होते ना? मी तडक संपाच्या मंडपात गेले आणि सगळ्यांसमोर तिला म्हटलं, "संप म्हणता आणि चोरून गाडी फिरवता?"

तिनं स्टेजखालची एक गोणी ओढून दाखवली. पहिल्याच दिवशी साऱ्यांनी आपापल्या घंटा त्या गोणीत घालून तोंड सुतळीनं शिवून टाकलं होतं. कुणाचं मन डळमळू नये म्हणून. टाके जसेच्या तसे होते.

"मी सकाळी सहापासून इथंच हाव, मॅडम. इचारा कोनालेबी," ती म्हणाली. मग तिचा चेहराच बदलला. "सायेब गेले? बकेट घेऊन? डेपोवर पाहू चाला. आमचं ट्रॅक्टर तिथंच जाते."

सहा-सात जण मंडप सोडून माझ्याबरोबर निघाले. ज्यांच्या मागण्या मी वाचल्या नव्हत्या, ते.

कचरा डेपो शहराबाहेर, बार्शीटाकळीच्या बाजूला, आमच्या घरापासून सहा किलोमीटर. संपामुळे तिथे चिटपाखरू नव्हतं, नुसता जुना कचरा धुमसत होता. बाबा एका बाभळीखाली बसले होते. त्या सावलीला सावली म्हणणंही अवघड. अंग तापलेलं, ओठ फुटलेले. शेजारी बकेट होती, रिकामी. आणि पालथी.

कमलाबाईनं पदर भिजवून त्यांच्या डोक्यावर धरला. बाबांनी तिला ओळखलं. मला नाही ओळखलं.

"बाई, तू थांबतच नव्हती," ते तिला म्हणाले. "किती आवाज देल्ला तुले."

उष्माघात, त्यात छातीत धूर गेलेला. चौथ्या दिवशी बाबा गेले. दादा अमरावतीहून आला तो एकच वाक्य बोलला, "तुले एक मानूस सांभाळता आला नाई?"

त्यानंतर आठवड्याभरात संप मिटला. गोणी उसवली, घंटा वाटल्या गेल्या. सकाळी साडेसातला ठण-खर्र ऐकू आलं तेव्हा मी पहिल्यांदाच बकेट घेऊन स्वतः गेटवर गेले. कमलाबाईनं ती रिकामी केली, दोनदा आपटली, पालथी ठेवली. मग तिथंच उभी राहिली.

"मॅडम, एक सांगू? त्या दिवशी मंडपात बसल्या बसल्या माहा हात हालून राहिला होता, घंटा वाजवल्यासारका. बाजूची म्हने, काय करून राहिली व? म्या म्हटलं, साडेसात झाले, सायबाची गल्ली आली असंन. बकेट घेऊन उभे असतीन." डोळे पुसत म्हणाली, "मी नव्हती आली, मॅडम. पन माहं ध्यान तिथंच होतं."

मी खूप डोकं खाजवलंय. दुसरीकडची घंटा असेल म्हणावं, तर ते 'खर्र' चौघींनी ऐकलं. भ्रम म्हणावा, तर बाबांचे ते गुडघे सहा किलोमीटर कसे चालले? बकेट त्यांनीच पालथी केली असेल, असंही मी स्वतःला सांगते. आयुष्यात कधी केली नव्हती.

घंटेचं राहू द्या. पण ग्लास-चमच्याचं मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, दादालासुद्धा नाही. आणि त्या सकाळी "आली बघा बाई" असं ओरडणारी मीच होते, कोणतं भूत नव्हतं.