चालू दिसणारी सर्व्हिस

वैशाली माजिवड्याच्या एका पॅथॉलॉजी कंपनीत सर्व्हर सांभाळायची. राहायला डोंबिवलीत, घरी नवरा मुकुल आणि मुलगी श्रिया. पेशंटचे रिपोर्ट मोबाइलवर पाठवणारी एक सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवर पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम, तिच्या गळ्यात पडली होती. ती बंद पडली तर सिस्टिम आपोआप पुन्हा सुरू करायची. पण ती मधेच अडकायची, आणि अडकली तरी स्टेटस मात्र ‘चालू’ असंच दिसायचं. मग वैशालीने लॉग, म्हणजे सर्व्हिसच्या कामाची आपोआप होणारी नोंद, वाचायचा, सर्व्हिस थांबवायची, अर्धवट गेलेला रिपोर्ट बाजूला काढायचा आणि ती पुन्हा सुरू करायची. एकदा कुणीतरी घाईत नुसतीच रीस्टार्ट केली आणि एका बाईंना कॅन्सरचा तोच रिपोर्ट पुन्हापुन्हा गेला. त्यानंतर वैशालीने कुणाला हात लावू दिला नाही.

तिने एक पहारेकरी स्क्रिप्ट लिहिली. बराच वेळ रिपोर्ट गेला नाही की तिच्या फोनवर मेसेज यायचा. तेव्हापासून फोन आंघोळीलासुद्धा बरोबर. लॅपटॉप भाजीच्या पिशवीत.

श्रियाच्या अरंगेत्रमला, भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर कार्यक्रमाला, तो मेसेज आलाच. वैशाली हॉलबाहेर जिन्यात बसून लॉग चाळत राहिली. आत आली तेव्हा लोक उठून निघाले होते.

“सॉरी गं, श्रिया.”

“असू दे, आई. तू पूर्ण थांबशील असं मी धरलंच नव्हतं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वैशालीने मॅनेजर गुरुदत्तना सांगितलं, “सर, मला जोडीला माणूस हवाय.”

“अगं, तू आहेस म्हणून तर मी निर्धास्त असतो.”

“मग मी राजीनामा देते.”

माणूस मिळाला. ऋतिका. दोघींनी मिळून मूळ दोष शोधला: रिपोर्ट पोचल्याचं समोरून उत्तर आलं नाही तर सर्व्हिस वाट बघतच राहायची. वाट बघायला मर्यादा घातली आणि अडकणं थांबलं.

दिवाळीनंतर तिघं मालवणला गेली. मुकुल आणि श्रिया पाण्यात उतरली. वैशाली वाळूवर बसून फोनकडे बघत होती. एकही मेसेज नव्हता, आणि त्याचीच तिला भीती वाटू लागली. पहारेकरीच बंद पडला असेल तर? तिने ऋतिकाला फोन लावला.

“चालू आहे ना गं?”

“हो मॅडम. रिपोर्ट जातायत.”

“स्टेटस बघून सांगतेयस की लॉग बघून?”

“लॉग बघून. सकाळीही तुम्ही हेच विचारलंत.” मग तिने विचारलं, “मॅडम, अलर्टमधून तुमचा नंबर काढू का? निदान सुट्टीपुरता?”

पाण्यातून श्रिया हात हलवून बोलावत होती. वैशालीने हात वर केला, पण ती उठली नाही.

“नको,” ती म्हणाली. “राहू दे.”