तोलल्याशिवाय नोंद नाही

नकली नाणी परत करता येतात; त्यांच्यासोबत आलेले किस्से मात्र आपल्याकडेच राहतात. औरंगाबादेत गुलमंडीवर, हाशमीभाईंच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात, आम्ही चार संग्राहक दर रविवारी जमत असू. जिल्ह्यात सापडलेल्या प्राचीन नाण्यांची सूची माझ्याकडे होती आणि नियमही माझाच: तोलल्याशिवाय नोंद नाही. 'रोमन, सोन्याचे' हे पान कोरे होते. ते एका तरी अस्सल नाण्याने भरायचेच, असा माझा हट्ट होता.

*

दौलताबादला एका विक्रेत्याने नाण्यावरचा रोमन सम्राट 'नीरो' पुढे केला. "किती जुना?" मी विचारले.

"गॅरंटी, मॅडम! कालच बनवला... म्हंजे, कालच सापडला!"

*

हाशमीभाई सम्राट ओळखत ते नाकावरून. शेंद्र्याच्या एका शेतकऱ्याचे नाणे पाहून ते ओरडलेच, "ऑगस्टस! नाक देखो, मॅडम!"

मी तोलले, घासून पाहिले. पितळ!

शेतकरी शांतपणे म्हणाला, "मंग नाक तेवढं खरं लिवून घ्या!"

हाशमीभाई माझ्यावरच उखडले. "खुद ऑगस्टस आया, तो उसको भी तौलेंगे आप!"

"अर्थात," मी म्हणाले. "मुकुट उतरवून."

*

अजिंठ्याजवळच्या एका गावी, गयाबाईंच्या देव्हाऱ्यात, देवांच्या चांदीच्या टाकांमध्ये एक सोन्याचा 'खंडोबा' दिसला. हळदीखाली लॅटिन अक्षरे होती. टायबेरियस! भिंगाने कड पाहिली, अक्षरे पाहिली. सगळे जुळत होते. मी पिशवीतून काटा काढला.

"देवाला तराजूत घालायचं नाय!" गयाबाईंनी हात आडवा घातला.

पुन्हा गेले. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा गेले, तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, "बाई, तोलायचं नाय. तुला करा. देवाची तुला चालती."

एका पारड्यात सम्राट, दुसऱ्यात चिमूटचिमूट हळद. काटा स्थिरावला. देव देव्हाऱ्यात परतल्यावर मी ती हळद वजने लावून तोलली. आठ ग्रॅमला किंचित कमी. असायला हवे तेवढेच! तिथेच मांडी घालून मी नोंद केली.

मग खरे नाव सांगणे मला कर्तव्य वाटले. "गयाबाई, हा खंडोबा नव्हे. हा रोमचा बादशहा, टायबेरियस."

"आसंल," देवाला कुंकू लावत त्या म्हणाल्या. "नांदायला आल्यावर नाव बदलतंच की. तुमचं नाय बदललं व्हय?"